गिटारवर नोटेशन बघताक्षणी वाजवायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या प्रतापनगरात माझ्या घरच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी गिटारचा क्लास चालतो. शाळकरी पोरं येतात, मिहानच्या कंपन्यांमधले आयटीवाले येतात, बँकेतून रिटायर झालेले दोन काकाही येतात. स्टँडवर स्टाफ नोटेशनचा (पाच आडव्या रेषांवर आणि त्यांच्यामधल्या घरांत टिंबांनी सूर लिहितात ती पाश्चात्त्य लिपी, सुरांची नावं ए ते जी) कागद ठेवला की सगळे तेच ते विचारतात. दर बॅचला तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्न ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवले आहेत.

नोटेशन तर मला वाचता येतं सर. मग साइट रीडिंग म्हणजे आणखी वेगळं काय?

‘ही खालून दुसरी रेषा, म्हणजे जी’ असं बोटाने मोजत तासाभरात एक ओळ बसवली, तर ती उकल झाली. साइट रीडिंगमध्ये कागद पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आलेला असतो आणि तो पहिल्याच झटक्यात, ठरवलेल्या लयीत वाजवायचा असतो. बर्डीच्या बसस्टॉपवर उभे असताना येणाऱ्या बसची पाटी तुम्ही ‘हिं-ग-णा’ अशी फोडून वाचत नाही. बस थांबायच्या आधीच पाटी वाचून झालेली असते आणि पाय दाराकडे निघालेले असतात. कागदावरच्या टिंबांशी असं व्हायला लागलं की समजा, वाचन सुरू झालं.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही बसवून जे वाजवू शकता त्यापेक्षा बरंच सोपं तुम्हाला बघताक्षणी वाजवता येईल. परीक्षेतल्या पाचव्या ग्रेडचे तुकडे बसवणारा मुलगा दुसऱ्या ग्रेडच्या ओळीवर अडखळला तर त्यात कमीपणा नाही, सगळ्यांचं तसंच असतं. पण मुलांना ते सोपं वाजवायची लाज वाटते, आणि तिथेच सराव सुटतो.

टॅब आहे ना जी. मग हे डोकं काऊन पिकवायचं?

टॅबला, म्हणजे तारांच्या रेषांवर फ्रेटचे (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांचे) आकडे लिहितात त्या पद्धतीला, नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. सोळाव्या शतकात युरोपातले ल्यूटवादक टॅबवरूनच वाजवत, त्यामुळे टॅब ही इंटरनेटच्या पोरांनी शोधलेली पळवाट आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. टॅब सांगतो बोट कुठे ठेवायचं. नोटेशन सांगतं सूर कोणता आणि तो किती वेळ. नेटवर फुकट मिळणाऱ्या साध्या टॅबमध्ये बहुतेक वेळा सुराची लांबी लिहिलेलीच नसते. गाणं आधीपासून कानात असेल तर तो टॅब कामाचा, नाहीतर नुसते आकडे.

मी स्वतः सत्ताविसाव्या वर्षापर्यंत टॅबवरच होतो. मग एका डिसेंबरात सदरकडच्या एका चर्चमध्ये कॉयरच्या साथीला बोलावलं. हातात चार ओळींचा कागद दिला आणि ‘दोन तासांनी तालीम’ म्हणाले. तिसऱ्या बारमध्येच (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा गट) मी हरवलो. कॉयर गातच राहिलं. शेवटच्या कॉर्डवर त्यांना गाठलं तेवढंच. कोणी काही बोललं नाही, उलट केक दिला. तो केक घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी मी मुलांचं पहिलीचं पुस्तक उघडलं.

आणि नोटेशनवर वाजवणारी माणसं आपल्यापासून लांब नाहीत. कामठीला सैन्याच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. सैन्याचे ब्रास बँड नोटेशनवरच वाजवतात, आणि त्यांना शिकवणारी मिलिटरी म्युझिक विंग आपण उन्हाळ्यात थंड हवेला जातो त्या पचमढीला आहे. जुन्या हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनवाल्यांच्या रांगेसमोर नोटेशनचेच कागद असायचे. ते लिहिणाऱ्यांत गोव्याचे अरेंजर पुष्कळ होते.

मला हार्मोनियम येते, भातखंडे पद्धतीने लिहितापण येतं. त्याचा उपयोग होईल की उलट घोळ होईल?

दोन्ही होईल. तालाच्या बाबतीत तुम्ही बाकीच्यांच्या पुढे आहात. सम, मात्रा, एका मात्रेत दोन सूर, चार सूर हे तुमच्या अंगात आहे. भातखंडे लिपीत एका मात्रेतले सूर खाली कंस काढून बांधतात आणि लांबवायचा सूर आडव्या रेघेने दाखवतात. स्टाफमध्ये लांबी सुराच्या आकारातच असते: पोकळ की भरीव, दांडी आहे की नाही, दांडीला शेपूट किती. दादऱ्याच्या तीन-तीन मात्रा पायात असतील तर सहा-आठचा (बारमध्ये सहा मात्रांचा) ठेका समजवायला मला दोन मिनिटं लागतात. बाकीच्यांना दोन आठवडे.

घोळ ‘सा’चा आहे. आपला सा फिरतो. गाणाऱ्याची पट्टी काळी एक असो की पांढरी चार, लिहिताना सा तो साच. स्टाफमधला सी मात्र एका जागी खिळलेला. हार्मोनियमवाले विद्यार्थी कागद बघून मनात आधी सरगम करतात, मग सरगमचं गिटारवर भाषांतर करतात. दोन पायऱ्या झाल्या की लय गेलीच. म्हणून सुरुवातीचे तीन महिने सरगम तोंडात आणू नका. टिंब बघायचं आणि थेट तारेवर जायचं, मधे नावसुद्धा नको. नंतर स्केल ओळखायला, पुढचा सूर कानात आधीच ऐकू यायला तीच सरगम फार उपयोगी पडते. माझ्याकडच्या एक काकू आता नवा कागद आधी आकारात गुणगुणतात आणि मग वाजवतात. त्यांच्या चुका बॅचमध्ये सगळ्यांत कमी.

बहीण पियानो शिकून राहिली. ती सहा महिन्यांत वाचायला लागली, मी दीड वर्षात नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

कमी तुमच्यात नाही, वाद्यात आहे. खरं म्हणजे वाद्यात जास्त आहे. पियानोवर एका टिंबाला एकच पट्टी. गिटारवर पहिल्या मोकळ्या तारेचा ई घ्या, स्टाफवर वरच्या घरात लिहितात तो. तोच सूर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर आहे, तिसरीच्या नवव्यावर, चौथीच्या चौदाव्यावर आणि पाचवीच्या एकोणिसाव्यावर. कागद एक आणि पत्ते पाच. बहिणीला फक्त ‘कोणता सूर’ एवढंच वाचायचं असतं. तुम्हाला ‘कोणता’ आणि ‘कुठे’ अशी दोन उत्तरं एका मात्रेत द्यायची असतात, आणि दुसरं उत्तर कागदावर लिहिलेलंच नसतं.

माझ्या मते गिटारवाल्याचं अर्धं वाचन म्हणजे ही जागा ठरवणं. आणि ती दर सुराला नव्याने ठरवायची नसते. ओळ सुरू व्हायच्या आधी एकदाच ठरवायची. हे कोणी सांगत नाही, म्हणून पोरं वर्षानुवर्षं टिंबांशी झगडत राहतात.

आणखी एक गंमत, जिच्यामुळे पियानोवाल्यांबरोबर वाजवताना वाद होतात. गिटारचे सूर लिहितात त्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतात. स्टाफच्या खालच्या पहिल्या जोडरेषेवरचा (पाच रेषांबाहेर काढलेल्या छोट्या रेघेवरचा) सी पियानोवाल्यासाठी मिडल सी, म्हणजे पट्ट्यांच्या मधोमधचा सी असतो. तुम्ही तो पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर वाजवता आणि आवाज एक सप्तक खालचा येतो. पियानोचा खरा मिडल सी तुमच्या दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आहे. काही कागदांत ट्रेबल क्लेफच्या (ओळीच्या सुरुवातीच्या वळणदार खुणेच्या) पायाशी छोटा ८ दिसतो, तो याचसाठी. नसला तरी गिटारसाठी लिहिलेल्या कागदात तो धरूनच चालायचं.

मग जागा कशी ठरवायची?

पूर्ण ओळीवर नजर फिरवा, सगळ्यांत खालचं आणि सगळ्यांत वरचं टिंब शोधा. दोन्ही एका पोझिशनमध्ये बसत असतील तर तिथेच ठिय्या मारा. पोझिशन म्हणजे पहिलं बोट ज्या फ्रेटच्या ताब्यात आहे ती. कागदावर ती रोमन आकड्याने लिहितात. वर्तुळातला आकडा तारेचा आणि साधा छोटा आकडा डाव्या हाताच्या बोटाचा. यांची गफलत पहिल्या महिन्यात सगळे करतात.

पहिली पोझिशन पक्की झाली की बहुतेक जण तिथेच घर बांधतात. तसं करू नका. जी मेजर स्केल दुसऱ्या पोझिशनमध्ये वाजवून बघा. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत त्या स्केलचे सगळे सूर दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटमध्येच सापडतात. चार बोटांना चार फ्रेट, हात हलवायची गरज नाही, मोकळी तारही लागत नाही. वाचनासाठी यापेक्षा सोयीची जागा मला गिटारवर दुसरी माहीत नाही. त्यानंतर पाचवी पोझिशन शिका, म्हणजे आठव्या फ्रेटवरचा वरचा सीसुद्धा हाताशी येतो. या तीन जागा पक्क्या झाल्या की रोजच्या कागदांपैकी बहुतेक निघतात.

अगदी शून्यातून सुरुवात करायची तर?

मोकळ्या सहा तारा कागदावर कुठे दिसतात ते आधी डोळ्यांत बसवा. पहिली तार ई, स्टाफच्या वरच्या घरात. दुसरी बी, बरोब्बर मधल्या रेषेवर. तिसरी जी, खालून दुसऱ्या रेषेवर. चौथी डी, स्टाफच्या खाली लटकलेली. पाचवी ए, दुसऱ्या जोडरेषेवर. सहावी ई, तिसऱ्या जोडरेषेच्या खाली. ही सहा खुंटं ठोकली की बाकीचे सूर त्यांच्या शेजारीच असतात. पहिल्या पोझिशनमध्ये शार्प-फ्लॅट (अर्धा सूर चढलेले-उतरलेले) सोडून फक्त सतरा सूर आहेत: तिसऱ्या तारेवर दोन आणि बाकी प्रत्येक तारेवर तीन. आठवड्याला एक तार घेतली तर दीड महिन्यात सतराही हातात येतात.

रेषांचे आणि घरांचे सूर पाठ करायला इंग्रजी वाक्यं शिकवतात. मी शिकवत नाही. पोरगं वाक्य म्हणत बसतं आणि तोवर बार संपून जातो.

आधी ताल की आधी सूर?

ताल. यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. सूर चुकला तर एक मात्रा वाईट वाजते आणि संपतं. मोजणी चुकली की पुढचं सगळं बरोबर वाजूनही चुकीचं होतं. म्हणून नवा कागद आला की गिटार मांडीवर आडवी ठेवून फक्त टाळी वाजवायची.

मोजायला ‘वन अँड टू अँड’ जमत नसेल तर तबल्याकडून उसनं घ्या. क्रॉचेटला (एका मात्रेच्या सुराला) ‘धा’, क्वेव्हरच्या (अर्ध्या मात्रेच्या) जोडीला ‘धागे’, चार सेमीक्वेव्हरला (पाव मात्रेच्या सुरांना) ‘तिरकिट’. आमच्या क्लासमध्ये सगळे असंच म्हणतात. बाहेरून जाणाऱ्याला वाटत असेल आत तबल्याचा क्लास आहे. विरामाला मात्र काही म्हणायचं नाही, पण मात्रा मोजायचीच. विराम म्हणजे सुट्टी समजून पोरं तिथे श्वास घेतात आणि पुढच्या सुराला उशिरा पोचतात.

वाजवताना चुकलं तर परत मागून घ्यायचं का?

नाही. थांबायचं नाही, मागे जायचं नाही, ‘सॉरी सर’ म्हणायचं नाही. पाय चालू, मोजणी चालू, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर चढायचं. दुरुस्तीचा सराव वेगळ्या वेळी करा. वाचनाच्या सरावात दुरुस्ती केली की हाताला थांबायची सवय लागते, आणि ती सवय मोडायला वाचन शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर लावा. तरी पडत असाल तर ४० वर आणा. इतकं हळू की चुकायला लाज वाटावी.

डोळे कागदावर ठेवले की बोटं भलतीकडे, बोटांकडे बघितलं की कागदावरची जागा हरवते. करायचं काय?

हाताकडे बघणं बंद. पहिल्या-दुसऱ्या पोझिशनमध्ये बघायची गरजच नसते, फक्त भरवसा नसतो. रात्री दिवे घालवून स्केल वाजवा, आठवड्यात भरवसा येतो. मोठी उडी असेल तेव्हा एक नजर टाकायला हरकत नाही, पण ती कुठे टाकायची ते आधी ठरवलेलं हवं. गिटार दर वेळी एकाच उंचीवर बसायला हवी. एकदा सोफ्यावर, एकदा पलंगावर असं वाजवणाऱ्याचा हात रोज नव्याने वाट शोधतो. स्टँड डोळ्यांच्या रेषेत आणि शक्य तितका गिटारच्या मानेच्या बाजूला.

डोळे हाताच्या पुढे पळायला हवेत, निदान अर्धा बार. त्यासाठी माझ्याकडे एक हत्यार आहे: जुनी लग्नपत्रिका. तुम्ही वाजवत असलेला बार मी पत्रिकेने झाकतो. झाकलेलं तर वाचता येत नाही, म्हणजे ते आधीच वाचलेलं असावं लागतं. पहिल्या दिवशी सगळे ओरडतात. घरी हे काम आईला किंवा भावाला द्या, त्यांना नोटेशन यायची गरज नाही. ते जरा निर्दयच असलेले बरे.

एका ओळीचं ठीक आहे, पण एकावर एक चार टिंबं आली की घाम फुटतो.

चारही वाचू नका. खालचं वाचा, वरचं वाचा आणि आकार ओळखा. पहिल्या पोझिशनमधली सी, जी, ए मायनर ही तुमची रोजची कॉर्ड कागदावर कशी दिसते ते एकदा स्वतःच्या हाताने लिहा. नंतर ती बर्डीच्या पाटीसारखी एका नजरेत ओळखू येते. शास्त्रीय गिटारच्या कागदात दांड्या वर गेलेल्या आणि खाली गेलेल्या अशा दोन रांगा दिसतात. ती दोन वेगळी माणसं समजा. खाली दांडी असलेला बहुतेक वेळा अंगठ्याचा. आधी एकट्या अंगठ्याची ओळ वाजवा, मग वरची, मग दोन्ही.

सरावाला इतके नवे कागद आणायचे कुठून?

हा प्रश्न योग्य आहे. एक कागद तीनदा वाजवला की तो पाठ झाला, मग ते वाचन उरत नाही. सोर, जुलियानी, कारुल्ली, कार्कास्सी या गिटारच्या रचनाकारांचं दोनशे वर्षांपूर्वीचं सोपं लेखन कॉपीराइटच्या बाहेर गेलं आहे आणि आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतं. एक ओळीच्या सरावाला व्हायोलिनची सुरुवातीची पुस्तकंही चालतात. व्हायोलिनचा सगळ्यांत खालचा जी तुमच्या सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर वाचला जातो, म्हणजे खाली काहीच निसटत नाही. बासरीचे, रेकॉर्डरचे कागदही घ्या. चर्चमध्ये जाणारा मित्र असेल तर त्याच्याकडून भजनसंग्रह मागा आणि वरची ओळ वाजवा.

म्यूझस्कोर हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात कागद उतरवला की तो वाजवूनही दाखवतं. पण ऐकायचं ते स्वतः वाजवून झाल्यावर. आधी ऐकलं तर तुम्ही कानाने वाजवणार, आणि डोळे आराम करणार.

परीक्षेत काय होतं?

एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेडमध्ये एकूण १५० गुण असतात, पास व्हायला १००, त्यातले २१ साइट रीडिंगचे. परफॉर्मन्स ग्रेडमध्ये साइट रीडिंग नसतं. ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळात पाचव्या ग्रेडपर्यंत ते बाकी पर्यायांसोबत निवडायचं असतं. सिलॅबस बदलत राहतो, फॉर्म भरण्याआधी चालू वर्षाचा बघाच.

एबीआरएसएममध्ये कागद बघायला अर्धा मिनिट मिळतो आणि त्या वेळात वाजवूनही पाहता येतं. बहुतेक मुलं तो अर्धा मिनिट पहिल्या बारवर घालवतात, जो त्यांना तसाही आला असता. माझा क्रम असा: टाइम सिग्नेचर (बारमध्ये मात्रा किती), मग की सिग्नेचर (कोणते सूर शार्प किंवा फ्लॅट). एक शार्प असेल तर तो एफ, आणि पहिल्या पोझिशनमध्ये तो पहिल्या आणि सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि चौथीच्या चौथ्यावर आहे, हे तेव्हाच बोटांना सांगून ठेवायचं. मग खालचं-वरचं टिंब बघून पोझिशन ठरवायची. मग सगळ्यांत अवघड बार शोधायचा आणि फक्त तोच वाजवून बघायचा. तो ज्या लयीत जमला, तीच पूर्ण तुकड्याची लय.

वय ५८. आता जमेल का?

जमतं. अडतो तो चष्मा. प्रोग्रेसिव्ह भिंगातून स्टँडच्या अंतरावरचा कागद वाचताना मान वर-खाली होते आणि ओळ सुटते. स्टँडचं अंतर मोजून त्या अंतराचा साधा चष्मा करून घेतल्यावर आमच्या एका काकांची निम्मी अडचण गेली. उरलेली निम्मी झेरॉक्सवाल्याने सोडवली: कागद ए-थ्रीवर मोठा करून आणला.

रोज किती वेळ, आणि किती दिवस?

रोज पंधरा मिनिटं, हात ताजा असताना, बाकी सरावाच्या आधी. जे असे रोज बसले ते साधारण सहा महिन्यांत पहिल्या पोझिशनमधली एक ओळ न अडखळता वाजवायला लागले. रविवारी दोन तास बसणारे अजूनही ‘ही दुसरी रेषा’ करून राहिले आहेत.

इलेक्ट्रिक गिटारला वेगळं असतं का? कॅपो लावला तर?

इलेक्ट्रिकला काही वेगळं नाही. कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबणारा चिमटा) असेल तर तो नाहीच असं समजून जसं लिहिलंय तसं वाजवा, आवाज आपोआप वर जाईल.

मे महिन्यात कसा सराव करायचा? कूलर लावला की कागद उडतात, बंद केला की घामाने बोटं घसरतात.

हा प्रश्न नागपूर सोडून कुठे येत असेल असं वाटत नाही. कपडे वाळवायचे चार चिमटे स्टँडला लावा, दोन वर आणि दोन खाली, पण खालचे चिमटे शेवटच्या ओळीवर येऊ देऊ नका. कूलरचा झोत पाठीवर घ्या, गिटारवर नको. बाहेर कोरडी भट्टी आणि आत खसाची ओल, असं दिवसातून दोनदा झालं की लाकूड फुगतं-आकसतं आणि ट्यूनिंग बसत नाही. वाजवून झालं की गिटार केसमध्ये ठेवा, केस पलंगाखाली, आणि कूलरच्या खोलीतला पलंग नको. आणि मेट्रोनोम फोनवर असेल तर इयरफोन लावा. कूलरच्या घरघरीत ५० ची टिकटिक ऐकू येत नाही, आणि मग पोरं पंख्याच्या लयीत वाजवायला लागतात.